लोटन मास्तरांचा जबाब

लोटन मास्तरांना वर्गात बसलेलं कुणी पाहिलं नाही. खुर्ची होती, वेताची, चांगली रुंद, पण तिचा उपयोग कोट अडकवण्यापुरता. मास्तर फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत शिकवायचे, आणि धुळ्याच्या त्या हायस्कुलातल्या पोरांच्या माना इकडून तिकडे फिरून दुखायच्या. या माणसाच्या पायाला भिंगरी आहे, असं हेडमास्तर म्हणायचे. घरीही तेच. जेवताना ताटावरून मध्येच उठणार, कधी पाण्याचं निमित्त, कधी कुणी हाक मारली की काय ते बघायचं. बायको कमलबाई म्हणायची, "बसा ना घडीभर. घर काही पळून नाही चाललं." पण पायाखालची जागा आपली आहे आणि ती तिथंच राहणार आहे, यावर मास्तरांचा लहानपणापासूनच विश्वास नव्हता. त्याला ती बिचारी काय करणार.

विषय इतिहास. त्यातही इंग्लंडचा, त्यातही नॉर्मन लोकांचा, आणि त्यातही एकाच घराण्याचा, वॉरेन सरदारांचा. स्वराज्य आलं, अभ्यासक्रमातून इंग्लंडचे राजे एकेक करून निघून गेले, पण मास्तरांच्या तोंडातून वॉरेन काही जाईना. नेमलेलं असो नसो, वर्षातून एक तास ते वॉरेनचा घ्यायचेच. कमलबाई चिडवायची, "तुमची सोयरीक होती का हो त्यांच्याकडं?"

तो तास मात्र ऐकण्यासारखा असायचा, खोटं कशाला बोला. नॉर्मंडीचा विल्यम समुद्र ओलांडून आला, हेस्टिंग्जला एक लढाई जिंकली आणि अख्खं इंग्लंड माझं म्हणाला. आता एवढं एकट्याला कसं पचणार? मग बरोबर आलेल्यांना वाटून दिलं, आणि त्या वाटेकऱ्यांत हा वॉरेन. मास्तर फळ्यावर नकाशा काढायचे आणि खडू आडवा धरून एकेक तुकडा पांढरा करायचे. दक्षिणेला समुद्राजवळ जमीन, पूर्वेला नॉरफोकात जमीन, वर यॉर्कशरात जमीन. तेरा परगण्यांत गावं. ल्यूइसला किल्ला, कॉनिसबरोला किल्ला, पुढं सरेचा अर्ल ही पदवी. रयतेनं दळायचं ते मालकाच्याच गिरणीत, पोरीचं लग्न ठरवायचं ते मालकाला विचारून, आणि मालकाच्या वावरात फुकट राबून झालं की मग आपल्या तुकड्याकडं बघायचं. असं हे घराणं पावणेतीनशेच्या वर वर्षं नांदलं.

मग शेवटी तलवार यायची. पुढं एडवर्ड नावाचा राजा झाला. त्यानं अधिकारी धाडले आणि सरदारांना विचारलं, ही जमीन, हा अधिकार तुमच्याकडं कुठल्या हक्कानं? सरदारांची पळापळ झाली, कुणी पेट्या उघडल्या, कुणी जुनी चामडी कागदपत्रं शोधली. वॉरेनच्या वंशजानं मात्र एक गंजलेली तलवार आणून अधिकाऱ्यांपुढं टाकली. हा माझा हक्क, म्हणाला, माझे पूर्वज विल्यमबरोबर आले आणि यानंच त्यांनी जमीन मिळवली. हे खरंच घडलं की मागाहून कुणी रचलं, याची पुस्तकांनाही खात्री नाही, हेही मास्तर प्रामाणिकपणे सांगायचे. पण सांगताना फूटपट्टी टेबलावर अशी आपटायचे की मागच्या बाकावर डुलक्या काढणाराही दचकून जागा व्हायचा.

हे वेड त्यांना लागलं ते पितांबरनाना देशमुखांमुळं.

बुराई नदीच्या काठी कोठारे म्हणून गाव आहे. तिथली चांगली काळी जमीन बरीचशी देशमुखांची. मास्तरांचे वडील जीवराम हे त्यांचं कूळ, म्हणजे जमीन नानांची, कसायची जीवरामनं, आणि पिकाचा वाटा गढीवर पोचवायचा. नाना माणूस वाईट नव्हते. कुणावर हात उगारला नाही, कुणाची चूल विझवली नाही. पोरगं हुशार आहे हे पाहून लोटनला त्यांनीच धुळ्याला बोर्डिंगात घातलं, कॉलेजलाही त्यांनीच पाठवलं, आणि आपल्या कपाटातलं इंग्लंडच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. "वाच," म्हणाले, "राज्य कसं चालतं ते कळंल." त्यात वॉरेनच्या किल्ल्याचं चित्र होतं. कोठाऱ्याच्या गढीसमोर उभ्या राहिलेल्या पोराला ते चित्र ओळखीचं वाटलं, आणि तेव्हापासून त्याच्या जिवाला जी चुटपुट लागली ती काही सुटली नाही. ज्यानं पुस्तक दिलं त्याच्याबद्दलच ते पुस्तक काहीबाही सांगतंय, हे कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आंबे घेऊन जीवराम गढीवर जायचा, पायरीच्या खाली उभा राहायचा. बी.ए. झालेला लोटनही त्याच्या शेजारी पायरीच्या खालीच उभा राहायचा.

जीवराम तापानं गेला. तलाठ्यानं कुळाच्या जागी थोरला मुलगा म्हणून लोटनचं नाव लावलं आणि मोकळा झाला. कसत मात्र होती माय, शेवंताबाई. पेरणीला शेजारचा वना आपलं औत द्यायचा, बाकी निंदणी, वेचणी, राखण सगळं तिचं. मास्तरांनी किती वेळा सांगितलं, धुळ्याला चल, आता काय कमी आहे? तिचं एकच उत्तर, "वावरले कोन दखी?" वावराला कोण बघणार, या प्रश्नापुढं मास्तरांचा सगळा इतिहास गप्प व्हायचा.

आणि मग कूळकायदा आला. कसेल त्याची जमीन. एकोणसाठ साली कोठाऱ्याच्या चावडीवर नोटिसा लागल्या, अमुक दिवशी कुळांनी तालुक्याच्या कचेरीत हजर राहावं आणि जमीन घ्यायला तयार आहोत की नाही याचा जबाब द्यावा. घेतो म्हणणाऱ्याची जमीन सरकारनं ठरवलेल्या हप्त्यांनी त्याची होणार. नको म्हणणाऱ्याचा हक्क तिथंच संपणार, आणि त्या जमिनीवर तो पुन्हा नुसता मजूर.

मास्तरांची झोप उडाली. जमीन जाईल म्हणून नव्हे हं, मिळेल म्हणून. आपल्या मायच्या हातची जमीन आपली होणार, हे मनाला झेपेचना. वर्गात पोरांनी प्रश्न विचारला की उत्तर भलतंच. पानात वाढलेली भाजी तशीच राहायची. आणि भीती होती ती वेगळीच, कोठाऱ्याच्या माणसांची. त्यांना मास्तर चांगले ओळखून होते.

आपल्याकडं रीत अशी की कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. चहा विचारला, नको. बसायला घोंगडी टाकली, नको, उभाच बरा. पंगतीत मांडे वाढायला आले की ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे आणि वाढणाऱ्यानं ते हात बाजूला करून ताटात घालायचंच. पहिल्या बोलावण्याला हो म्हणणारा हावरट, आणि पहिल्या नकारावर थांबणारा कंजूष. देणारा नि घेणारा दोघांनाही हे ठाऊक, म्हणून कुणी उपाशी राहत नाही. आता हीच माणसं मामलेदारापुढं उभी राहणार, समोर मालक बसलेला असणार, आणि साहेब विचारणार, जमीन घेता का?

मास्तर दर शनिवारी दुपारच्या एस.टी.नं गावी जाऊ लागले. मारुतीच्या पारावर कुळांना गोळा करायचे, स्वतः मामलेदार व्हायचे आणि एकेकाला पुढं बोलवायचे.

"वना, जमीन घेतोस का?"

वना हात जोडून म्हणाला, "नको सायेब. आमले काय करनी शे? मालकनी शे, मालककडेच राहू द्या."

"अरे, कपाळ माझं," मास्तर म्हणाले. "जमीन पाहिजे ना तुला?"

"पाहिजे तं. जीव शे ना त्यामा."

"मग नको काय म्हणतोस?"

"एकदम कसं हा म्हनानं?" वनाला खरंच प्रश्न पडला होता. "माणूस काय म्हनी?"

मास्तर पारावर फेऱ्या मारू लागले. "साहेब तुला मांडे वाढायला बसलेला नाही वना. तो विचारणार, तू सांगणार, कारकून लिहिणार, संपलं. एकदा नको निघालं तोंडातून की गेली जमीन." मग ते वॉरेनच्या तलवारीवर घसरले. त्या बहाद्दरानं राजाच्या माणसांना कसं ठणकावलं, जरा सुद्धा भीड धरली नाही, शिका काहीतरी. म्हाताऱ्या कौतिकनं सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि विचारलं, "मास्तर, त्या तलवारवालाना वावरमा आउत कोन धरे?"

मास्तर थांबले. औत कोण धरायचं? इतकी वर्षं वाचलं, किल्ल्यांची नावं पाठ, अर्लांची लग्नं पाठ, पण औत धरणाऱ्या एकाचंही नाव त्यांना आठवेना. "होते असेच कोणी," ते म्हणाले. "त्यांची नावं नाहीत पुस्तकात."

"त्यासले कोनी इचारं नही?"

"नाही."

"मंग आमले तं इचारी राहिनात," कौतिक सगळ्यांकडं हात करून म्हणाला. "बठ्ठा जन सांगूत. लेतस म्हनूत."

आणि खरोखरच बसलं ते त्यांच्या जिभेवर. लेतस, घेतो. वना बैलांना पाणी पाजताना म्हणायचा, शेवंताबाई कापूस वेचता वेचता म्हणायची, जरी तिला कुणी विचारणार नव्हतं. नाव लोटनचं होतं ना. मास्तरांनी स्वतः मात्र एकदाही म्हणून पाहिलं नाही. शिकवणाऱ्यानं कशाला पाठ करायचं?

जबाबाच्या दिवशी कोठाऱ्याच्या दोन बैलगाड्या निघाल्या. धुवट लुगडं नेसून शेवंताबाई गाडीत बसली होती. मास्तर गाडीत बसेनात. गाडीच्या बाजूनं चालत होते, मध्येच पुढं जात होते, मध्येच परत येऊन वनाला विचारत होते, "काय म्हणायचं?" वना हसून म्हणायचा, "लेतस."

कचेरीच्या आवारात निंबाखाली बायामाणसं बसली. आत मामलेदार, बाजूला अव्वल कारकून, आणि भिंतीशी खुर्चीवर पितांबरनाना. नाना थकले होते. फेटा तसाच कडक, पण मान बारीक झालेली. एकेक कूळ आत गेलं की नानांना आधी वाकून नमस्कार करायचं आणि मग साहेबांकडं वळायचं. मास्तर दाराशी उभे राहून ऐकत होते.

वना आत गेला. साहेबांनी विचारलं, "जमीन घ्यायची आहे का?"

वनानं नानांकडं पाहिलं आणि व्हायचं तेच झालं. "नको सायेब. मालकनी शे."

मास्तरांनी डोळे मिटले. पण मामलेदार भला माणूस होता. त्यानं कारकुनाला लेखणी उचलू दिली नाही. "हे बघ बाबा, तुला लिहितावाचता येत नाही, म्हणून परत सांगतो," म्हणाला, आणि त्यानं सगळा कायदा सोप्या बोलीत सांगितला. "आता बोल. पाहिजे का?" वना म्हणाला, "तुमी म्हनतस तं..." साहेब म्हणाला, "मी काही म्हणत नाही. तू सांग." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वना एकदम म्हणाला, "लेस. मी लेस." कारकुनानं लिहिलं, अंगठा घेतला, आणि वना घाम पुसत बाहेर येऊन दाराशी थांबला. कौतिकचंही तसंच, एकदा नको, मग समजावणं, मग घेतो. मास्तरांच्या जिवात जीव आला. आता आपलं काय, आपण तर शिकवणारे.

"लोटन जीवराम."

मास्तर आत गेले. साहेबांनी मान वर करून पाहिलं, कोट पाहिला, आणि कागदावरचा धंदा वाचून खुर्ची दाखवली. "या, मास्तर. बसा." आयुष्यात पहिल्यांदा नानांसमोर खुर्ची. मास्तर बसले नाहीत. आधी नानांकडं वळले आणि सवयीनं पायाशी वाकले. नानांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"लोटन," नाना म्हणाले, "तुझ्या मनात असंल तसं सांग बाबा. मी काही म्हणणार नाही. तू घेतलीस तर मला वाईट वाटायचं नाही. तू काय, मी काय."

बोर्डिंग आठवलं, कॉलेज आठवलं, पुस्तक देणारा हाच हात आठवला. साहेब म्हणाले, "मास्तर, तुम्हाला कायदा सांगायची गरज नाही. जमीन खरेदी करायला तयार आहात?"

आणि मास्तर म्हणाले, "नको. नाना आहेत तोवर नानांचीच राहू द्या."

तोंडातून निघालं आणि त्यांना काहीच गैर वाटलं नाही, हे लक्षात घ्या. उलट बरं वाटलं. रीतीनं बोललो, आता नाना म्हणतील, अरे घे, वेडा की काय. साहेब म्हणतील, नीट विचार करा. मग आपण मान खाली घालून घेतो म्हणू, आणि दोघांचीही शोभा राहील. मास्तर वाट पाहत उभे राहिले. त्यांनी नानांकडं पाहिलं. कोठाऱ्याच्या प्रत्येक पंगतीत पहिलं ताट ज्यांचं असायचं, ज्यांना नकाराचा अर्थ साऱ्या पंचक्रोशीपेक्षा जास्त कळायचा, ते नाना खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी पानाचा डबा उघडला, एक पान घेतलं आणि शिरा काढू लागले.

साहेबांनी कारकुनाला खूण केली. कारकुनानं लिहिलं, कागद फिरवला, बोट ठेवलं. "इथं सही, मास्तर." लेखणी हातात आली. त्या लेखणीची आणि मास्तरांच्या हाताची जुनी ओळख. अंगठ्याला शाई लावा, पुसा, कागद धरा, असा कसलाच खोळंबा नाही. सही झाली, तीही इंग्रजीत. शिपायानं पुढचं नाव पुकारलं.

मास्तर बाहेर व्हरांड्यात आले. चार पावलं गेले आणि तसेच मागं फिरले. साहेब दुसऱ्याचा जबाब घेत होते, म्हणून ते कारकुनाकडं वाकले. "अहो, ते मी... रीत म्हणून म्हटलं. मला जमीन पाहिजे आहे."

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "मास्तर, जबाब झाला. तुम्ही वाचून सही केलीत."

"वनानंही आधी नकोच म्हटलं होतं."

"तो अडाणी आहे. त्याला समजावणं साहेबांचं काम आहे. तुम्ही बी.ए. आहात." कारकून काही वाईट बोलत नव्हता, त्याला खरंच नवल वाटत होतं. "प्रांतसाहेबांकडं अपील करा वाटल्यास. पण तिथं सांगणार काय? कायदा कळला नाही म्हणणार?"

मास्तरांनी नानांकडं पाहिलं. नाना पानाला चुना लावत होते. त्यांनी एवढ्या वेळात एकदाही वर पाहिलं नव्हतं. मास्तरांना त्या क्षणी नानांचा राग आला, इतका की हात शिवशिवले. बोर्डिंग, कॉलेज, पुस्तक, सगळं आठवत असूनही आला. आणि राग आला म्हणून लाजही वाटली, तीही तितकीच खरी.

परत निघताना दोन्ही गाड्या पुढं गेल्या. वना नि कौतिक त्यांत होते, आणि त्यांना हसायची चोरी झाली होती. शेवंताबाई गाडीत बसली नाही. मुलगा चालतोय म्हणून तीही चालत निघाली. उन्हं उतरली नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि ती सवयीनं प्रत्येक वावराकडं बघत होती. मास्तर आज पुढंमागं करत नव्हते. मायच्या पावलानं चालत होते.

बरंच चालल्यावर ती म्हणाली, "वना म्हने, नानानी पाठवर हात ठेवा तुन्हा."

"हो माय."

"मंग तू नको म्हना."

"हो."

तिनं मान हलवली. तिला त्यात काही चुकीचं दिसलं नाही. नाना पाठीवर हात ठेवतात आणि माणूस एकदम घेतो म्हणतो, असं कसं होईल? जीवरामही तेच म्हणाला असता, तीही तेच म्हणाली असती. तिला अडलं होतं ते पुढंच. ती चालता चालता थांबली.

"दुसरी येळ नही इचारं का त्यासनी?"

"नाही."

"नानानी बी नही?"

"नाही माय."

"वनाले तं तीन येळ इचारं." तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखर समजून घ्यायला बघत होती. "तुलेच कसाले नही इचारं?"

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि वर्गातली मराठी त्यांच्या जिभेवर येईना. मायच्याच बोलीत ते म्हणाले, "मी शिकेल शे म्हनीसन."